उपवासाचा डबा

१

सोजर मेली तेव्हा तिच्या पोटात दूध, गूळ, शेंगदाणा आणि राजगिरा एवढंच असायला हवं होतं. यातल्या एकाही गोष्टीने सोलापूर जिल्ह्यात कोणी मेल्याचं मी ऐकलेलं नाही, आणि मी इथे डॉक्टरकी करते ती काल-परवापासून नव्हे.

दुष्काळ संपून वर्ष झालं होतं. सोमवारची सकाळ. अध्यापिका विद्यालयाच्या मुलींच्या वसतिगृहातून बोलावणं आलं तशी मी बॅग घेऊन धावले. जेवणघराच्या फरशीवर मुलगी पडली होती. ओठ सुजून उलटले होते, डोळे मिटून गेले होते, मानेवर आणि दंडांवर गांधी उठल्या होत्या. मी इंजेक्शन दिलं. पण ती त्याआधीच गेली होती. करकंबची मुलगी, दुसऱ्या वर्षाला होती, पुढच्या वर्षी कुठल्याशा शाळेत बाई म्हणून उभी राहिली असती.

"विषबाधा," माझ्या डोक्यावर आवाज आला. मी अजून गुडघ्यांवरच होते.

हे यज्ञेश्वरराव, संस्थेचे कार्यवाह. निवृत्त मुख्याध्यापक, इस्त्रीचा पांढरा सदरा, आणि प्रत्येक गोष्टीवर मत. सगळं सोलापूर त्यांना 'सर' म्हणतं.

"ही विषबाधा नाही," मी म्हटलं. "हिला काहीतरी सोसलं नाही. ॲलर्जी. काय खाल्लं हिने?"

"उपवास होता तिचा. त्या तानाबाईचं पीठ दुधातून घेतलं, बस. तुम्हीच निवडलं होतंत ना ते पीठ, अनसूयाबाई?"

हो, मीच निवडलं होतं. दुष्काळात सुकडी खाऊन दिवस काढलेल्या या मुली आल्या तेव्हा त्यांच्या नखांना रंग नव्हता. अंडी-मटण निम्म्याजणींना चालत नव्हतं आणि उरलेल्यांना परवडत नव्हतं. म्हणून डाळी-दाण्यांचं, अंगात ताकद भरणारं पीठ द्यायचं ठरलं. एका कंपनीचा विक्रेता सोयाबीनचे चकचकीत डबे घेऊन आला होता. मी भवानी पेठेतल्या तानाबाईचं पीठ घ्यायला लावलं, कारण त्यात काय आहे असं विचारलं की ती सांगत होती. रोजचं पीठ भाजका हरभरा, मूग, शेंगदाणा आणि थोडी ज्वारी यांचं. उपवासाचं वेगळं, फक्त शेंगदाणा आणि राजगिरा. दोन डबे, दोन चमचे. नव्या मुलीने पहिला आठवडा एकच चमचा घ्यायचा, पाणी भरपूर प्यायचं, पोट फुगलं किंवा अंगाला खाज आली तर थांबायचं आणि मला सांगायचं, हे मी जेवणघराच्या भिंतीवर खडूने लिहून ठेवलं होतं.

संध्याकाळपर्यंत फौजदार तानाबाईला घेऊन गेले. तिच्या गल्लीतल्या शहाण्यांनी तिचं जातं रस्त्यावर आणून फोडलं. गुरुवारी दुपारी समितीची बैठक होती. तिथे तक्रारीवर सह्या झाल्या की तानाबाईवर माणूस मारल्याचा खटला उभा राहणार होता. नमुना पुण्याला पाठवला होता, पण त्याचा निकाल महिनाभर येत नाही. तोवर बाई आत सडणार. माझ्या कपाळाची शीर उडायला लागली ती तेव्हापासून.

२

चौकीत तानाबाई भिंतीला टेकून बसली होती. मला बघितल्यावर उठायला गेली.

"बस," मी म्हटलं.

"डाक्टरीणबाई, म्या काय केलं वं? मला कुनी सांगंना झालंय, म्या काय केलं."

तिच्यावर ओरडण्यात अर्थ नव्हता, पण कोणावर तरी ओरडायची मला फार गरज होती. मी फौजदारांवर ओरडले. बाईला सकाळपासून चहा का दिला नाही म्हणून. फौजदारांनी चहा मागवला. माणूस वाईट नव्हता, त्याला फक्त कोणीतरी आत टाकायला हवं होतं.

"उपवासाचं पीठ कसं करतेस ते पहिल्यापासून सांग."

"सकाळी न्हाऊन करती. आदी जातं धुती. दानं घरात भाजायचं, उकळात कुटायचं. राजगिरा घरच्या जात्यावर. गिरनीत न्हाय न्ह्यायचं. तितं ज्वारी दळत्यात, त्येची पूड लागली तर उपास मोडतुय की."

"आणि रोजचं पीठ?"

"त्ये गिरनीत. हरबरा-मूग घरच्या जात्यावर कवा दळून व्हायचं? येवढ्या पोरींचं हाय."

"हरभऱ्याचं पीठ चुकून उपवासाच्या पिठात पडलं असेल?"

तिने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी तिला शिवी दिली होती. "उपासाचं करायच्या दिशी म्या हरबऱ्याला हात सुदीक लावत न्हाय. माजा सोमवार आस्तुय, बाई. म्या तेच पेती. सून तेच पेती. ह्या सोमवारी बी पेलो आमी."

"याच घाण्याचं? वसतिगृहात दिलंस तेच?"

"तेच की. आदी तुमचा डबा भरला, खाली ऱ्हायलं ते आमी घेतलं. सून पोटुशी हाय, सातवा म्हैना. तिला काय सुदीक झालं न्हाय."

भवानी पेठेत तिच्या घरी जाऊन मी स्वतः खात्री केली. शेजारच्या यंत्रमागांच्या खडखडाटात तिची सून दारात बसून फुटलेल्या जात्याचे तुकडे गोळा करत होती. ठणठणीत होती. उरलेलं पीठ तिने मला वाटीत आणून दिलं. जाडसर, रवाळ, दाण्याच्या तेलाचा वास. मी चमचाभर खाल्लं. शेंगदाणा आणि राजगिरा, दुसरं काही नाही.

म्हणजे पीठ या घरातून निघालं तेव्हा चांगलं होतं. सोजरच्या पेल्यात गेलं तेव्हा नव्हतं.

३

मुकुंदला, त्या सोयाबीनच्या विक्रेत्याला, शोधावं लागलं नाही. तो स्वतःच माझ्या दवाखान्यात आला, हातात बॅग, बॅगेत सोयाबीनचे डबे. मुलगी जाऊन दुसरा दिवस होता आणि हा माल घेऊन हजर.

"फार वाईट झालं, मॅडम. म्हणूनच मी म्हणत होतो, घरगुती पिठात काय असेल कोण सांगणार? समितीने आता तरी शास्त्रीय विचार करावा."

"बसा," मी म्हटलं. "तुमच्या डब्यात काय काय आहे?"

"सोया प्रोटीन, मॅडम. आणि काही पूरक घटक."

"कुठले?"

"ते कंपनीचं गुपित असतं."

"सोयाबीन नीट भाजलेलं आहे का? कच्चं राहिलं तर पोट बिघडतं, ठाऊक आहे ना?"

"ते सगळं फॅक्टरीत बघतात."

"कोणी घेऊ नये हे? मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी घ्यावं का? ज्यांना डाळी सोसत नाहीत त्यांनी?"

तो हसला. "आपला डबा सगळ्यांना चालतो, मॅडम. लहान-थोर सगळ्यांना."

माझा हात टेबलावर आपटला. सगळ्यांना चालतं असं या जगात पाणीसुद्धा नाही. पंचवीस वर्षं मी हे बघतेय. एकाला ज्याने बळ येतं त्यानेच दुसऱ्याच्या अंगावर गांधी उठतात, आणि हे हसरे लोक डब्यावर सोनेरी अक्षरांत 'सर्वांसाठी' छापून मोकळे होतात.

"रविवारी वसतिगृहात गेला होतात तुम्ही," मी म्हटलं. हे मला पहारेकऱ्याने सांगितलं होतं. "मुलगी मरायच्या आदल्या दिवशी. तुमचं पीठ नाकारलेल्या वसतिगृहात."

त्याचं हसू गेलं. "मॅडम, मी ऑफिसातच बसलो होतो. मुलींच्या वसतिगृहात मला आत कोण सोडणार? पहारेकऱ्याला विचारा, तो दारात उभा होता."

मी विचारलंच होतं. तेच खरं होतं.

"मग कशाला गेलात?"

"पुन्हा एकदा बघा म्हणून सांगायला. महिन्याभरात पहिल्यांदाच गेलो होतो, शप्पथ. सरांनी वाटेला लावलं. म्हणाले, आमचं इथे एक प्रात्यक्षिक चालू आहे, ते पुरं होऊ दे, मग तुमच्या डब्याचं बघू."

"कसलं प्रात्यक्षिक?"

"ते काय मला सांगतात? हसत होते मात्र."

मी त्याला बाहेर काढलं. जाताना त्याने नमुन्याचा एक डबा टेबलावर ठेवला. तो मी त्याच्या मागे रस्त्यावर फेकला.

४

सोजरच्या खोलीत तिची मैत्रीण सारजा बसली होती. रडून डोळे लाल झालेले. मला बघून उभी राहिली.

"सोजर पीठ रोज घ्यायची का?" मी विचारलं.

"नाही बाई. तिने ते कधीच घेतलं नव्हतं. त्यात हरभरा आहे म्हणून. पिठलं असलं तरी ती चटणी-भाकरी खायची. म्हणायची, आमच्यात हरभरा देवीला सोडलाय."

देवाला एखादी वस्तू सोडायची, म्हणजे जन्मभर ती खायची नाही. आपल्याकडे कोणी वांगं सोडतं, कोणी आंबा. मी स्वतः देवभोळी नाही, उपवासही करत नाही. पण कोणी काही सोडलं असेल तर त्याच्या ताटात ते वाढू नये एवढं मला कळतं.

"याच्यावरून तिला कोणी बोललं होतं?"

सारजाने दाराकडे पाहिलं. "सर बोलले होते. प्रार्थनेच्या वेळी, सगळ्यांसमोर. देवीला हरभरा सोडणारी मुलगी उद्या मुलांना काय शिकवणार म्हणाले. वजन बघ स्वतःचं म्हणाले. ती खूप रडली. मग तिने ठरवलं की या सोमवारपासून उपवास धरायचा. उपवासाचं पीठ तरी घेता येईल, त्यात हरभरा असणारच नाही. सरांनाही बरं वाटेल. सोमवारी सर स्वतः जेवणघरात आले होते. तिला म्हणाले, हे तर उपवासाचं आहे, हे तरी घे. तिने लगेच घेतलं."

मला ते ऐकून त्यांच्याबद्दल क्षणभर बरंच वाटलं. बोलले तरी काळजीपोटी बोलले, असं.

"तुझाही सोमवार असतो?"

"हो बाई. आम्हा बऱ्याचजणींचा असतो. आम्हीपण तेच पीठ घेतलं. आम्हाला काही झालं नाही. म्हणजे नेहमीचंच झालं."

"नेहमीचं काय?"

"पोट डब्ब होतं ना. तुमच्याकडेच तर येतो आम्ही, सोमवारी संध्याकाळी."

खरंच येत होत्या. गेले काही सोमवार चार-पाच मुली पोट फुगल्याची तक्रार घेऊन यायच्या. मी उपाशी पोटी साबुदाणा चेपू नका म्हणून रागवायचे आणि ओवा द्यायचे.

त्या दुपारी सोजरची आई आली. बजाबाई. करकंबहून भावाबरोबर आलेली, डोक्यावरचा पदर घट्ट धरलेली. मी तिला दवाखान्यात बसवलं. तिने पाणी नको म्हटलं.

"हरभरा देवीला का सोडला होता?" मी विचारलं.

"ती ल्हान हुती तवा. शिमग्याला पोळी खाल्ली न् तोंड हे असं सुजलं. श्वासच गावंना. म्या देवीला म्हनलं, माजी पोर वाचीव, तिच्या तोंडाला पुन्यांदा हरबरा लागू द्यायची न्हाय. वाचली. तवापास्नं पुरान तुरीचं करतो आमी तिच्यासाठनं." ती माझ्याकडे बघत राहिली. "डाक्टरीणबाई, हितं तिला हरबरा कुनी दिला?"

५

कोणी दिला ते मला माहीत नव्हतं. पण कुठे दिला ते कळलं होतं. नवस वगैरे म्हणून आपण ज्याला हसतो, ते त्या माउलीने केलेलं निदान होतं. पोरीला हरभरा चालत नाही हे तिला डॉक्टरच्या आधी कळलं, आणि पोर कुठेही गेली तरी कोणी खायला घालू नये म्हणून तिने ते देवीच्या नावावर टाकलं. सोजरने तोच हिशेब केला. उपवासाच्या डब्यात हरभरा येणं शक्यच नाही. आख्ख्या वसतिगृहात तिच्यासाठी तेवढा एकच डबा बिनधोक होता.

डबा कपाटात कुलूपबंद होता आणि सरांनी ते उघडायला नकार दिला. पुण्याचा निकाल येईपर्यंत कोणी हात लावायचा नाही, म्हणाले. नियमाला धरूनच होतं, त्यामुळे मला आणखीच राग आला.

मी मागच्या दाराने स्वयंपाकघरात गेले. केराबाई चुलीपुढे बसली होती, पण चुलीवर काही नव्हतं. वसतिगृह उघडलं तेव्हापासून ती इथे स्वयंपाकाला आहे. मुली तिला केरामावशी म्हणतात.

"कपाटाच्या किल्ल्या कोणाकडे असतात?"

"येक माज्याकडं. येक सरांकडं. माजी बी त्यांनी काडून घेतली आता."

"डबे बदलले जातात का गं कधी? घाईत, चुकून?"

"न्हाय वं बाई. रोजचा डबा खाली आस्तुय, उपासाचा देवाच्या फळीवर, कपाटात. अंगूळ केल्याबिगर म्या त्येला हात लावत न्हाय. माजा बी सोमवार आस्तुय. म्या बी त्येच पेती."

"या सोमवारी प्यायलीस?"

"न्हाय." तिने डोळ्यांना पदर लावला. "पोरींना आदी दिलं. माजं वाटीत काडून झाकून ठिवलं, म्हनलं सगळ्यांचं झालं की घिऊ. तवर पोर पडली की."

"कुठे आहे ती वाटी?"

ती मागच्या फळीवर होती, वर ताटली झाकलेली. मी वाटी खिडकीपाशी नेली आणि पीठ पांढऱ्या कागदावर पसरलं. तानाबाईच्या घरचं पीठ जाडं, रवाळ होतं. हेही जाडं होतं, पण त्या जाड्या रव्याच्या मधून मैद्यासारखी बारीक पूड फिरत होती. गिरणीत दळलेली पूड. आणि त्या पुडीत जागोजाग पिवळे-तांबूस कण होते.

मी कागद घेऊन खाली बसले.

ते कण माझे होते. रोजच्या पिठात मी जीवनसत्त्वाच्या गोळ्या कुटून घालायला लावत होते. तानाबाईचं पीठ आलं की केराबाई इथे, या स्वयंपाकघरात, गोळ्या खलबत्त्यात कुटायची आणि रोजच्या डब्यात मिसळायची. उपवासाच्या डब्यातही घालायच्या असा माझा हट्ट होता. गोळी उपवासाला चालत नाही म्हणून मुलींनी गोंधळ घातला आणि मी हरले. उपवासाच्या डब्यात एकही गोळी कधी गेलेली नव्हती.

"केराबाई, या पिठात रोजचं पीठ मिसळलेलं आहे. मुलींची पोटं फुगायला लागली तेव्हापासून, दर सोमवारी."

तिला कळायला थोडा वेळ लागला. मग तिने दोन्ही हात तोंडावर दाबले. "म्हंजी म्या सोमवारी हरबरा खाल्ला? बाई, म्हैनाभर? माजा उपास..." ती उठून बाहेर गेली आणि मोरीत ओकारी काढायला लागली. असं नाटक कोणालाही करता येत नाही, आणि करायचं असतं तर ती वाटी तिने सोमवारीच ओतून दिली असती.

मी तिथेच बसून एकेकाला बाजूला काढलं. तानाबाई नाही. गोळ्या तिच्या घरी पोचतच नाहीत, तेव्हा मिसळामिसळ इथे आल्यावर झालेली. मुकुंद नाही. उपाशी पोटी गेलेल्या हरभऱ्याने मुलींची पोटं कित्येक सोमवार फुगत होती, तो आला एका रविवारी, आणि तोही ऑफिसापुढे गेला नाही. केराबाई नाही. चुकून झालं असंही नाही, कारण डबा दर खेपेला नव्याने भरला जात होता आणि दर सोमवारी तीच चूक कोणी करत नाही. हे कोणीतरी जाणूनबुजून करत होतं, आणि त्याच्याकडे किल्ली होती.

किल्ल्या दोनच होत्या.

६

गुरुवारी मी बैठकीला बोलावणं नसताना गेले. बरोबर बजाबाईला आणि केराबाईला नेलं. फौजदारांना सांगून तानाबाईलाही आणवलं. समितीचे सभासद कोचावर चुळबुळत होते. टेबलावर तक्रारीचा कागद होता, वर पेन.

"सह्या करण्याआधी दोन मिनिटं," मी म्हटलं.

"अनसूयाबाई, भावनेच्या भरात..." सर सुरू झाले.

"होय, मी भरात आहे. गप्प बसा."

सोलापुरात त्यांना असं कोणी बोललं नसावं. ते गप्प बसले.

मी केराबाईची वाटी टेबलावर ठेवली, शेजारी तानाबाईच्या घरची. फौजदारांना दोन्ही बघायला लावल्या. बारीक पूड दाखवली, कण दाखवले, गोळ्या कुठे आणि कशात घालतात ते सांगितलं. "उपवासाच्या पिठात वसतिगृहात आल्यानंतर दुसरं पीठ मिसळलं आहे," मी म्हटलं. "दर सोमवारी. सोजरला जे सोसत नव्हतं ते त्यातून तिच्या पोटात गेलं."

"हा तर्क झाला," सर म्हणाले. "मूठभर पिठाने माणूस मरत नसतो."

"किती?"

"काय किती?"

"मी दुसरं पीठ म्हणाले. मूठभर की पायलीभर, मला ठाऊक नाही. त्या डब्यात किती पडलं ते फक्त घालणाऱ्याला ठाऊक. तुम्हाला कसं कळलं, सर?"

फौजदारांनी टोपी काढून मांडीवर ठेवली.

"मुकुंदला तुम्ही सांगितलंत, आमचं प्रात्यक्षिक चालू आहे. कसलं?"

यज्ञेश्वररावांचा चेहरा आधी पांढरा पडला, मग त्यावर तो जुना, व्यासपीठावरचा ताठा आला. मला वाटतं त्यांना बोलायचंच होतं, इतके दिवस.

"ठीक आहे. घातलं मी. मूठभर, दर खेपेला. या मुली उद्याच्या शिक्षिका आहेत! हरभऱ्याने उपवास मोडतो, देवी कोपते, हे घेऊन या वर्गात जाणार? मी स्नेहसंमेलनात उभा राहून सांगणार होतो, महिनाभर तुम्ही उपवासाला हरभरा खात होता, काय वाकडं झालं तुमचं? एका दिवसात शंभर मुलींच्या डोक्यातलं जळमट निघालं असतं. मला काय माहीत या एका मुलीला..."

"तिने सांगितलं होतं!" माझा आवाज फाटला. "हरभरा खात नाही म्हणून तिने सगळ्यांसमोर सांगितलं होतं, आणि तुम्ही तिला सगळ्यांसमोर हसलात. का खात नाहीस, खाल्लास तर काय होतं, एवढा एक प्रश्न विचारला असता तर तिने सांगितलं असतं. शास्त्र म्हणता ना तुम्ही? शास्त्र विचारण्यापासून सुरू होतं. तुम्ही विचारलं नाहीत. तिच्यासमोर उभं राहून म्हणालात, हे तर उपवासाचं आहे, हे तरी घे. तुम्हाला ठाऊक होतं आत काय आहे ते. आणि ती मेल्यावर? ही बाई चौकीत बसली, हिचं जातं फोडलं, हिची गरोदर सून दारात बसून तुकडे वेचतेय, आणि तुम्ही कुलपाची किल्ली खिशात घालून पुण्याच्या निकालाची वाट बघताय. अंधश्रद्धेवर बोलायचा अधिकार तुम्ही त्या सोमवारी घालवलात."

तानाबाई भिंतीशी उभी होती. ती मोठ्याने रडायला लागली. फौजदारांनी टेबलावरचा कागद उचलला, त्याची घडी घातली आणि सरांना म्हणाले, "चला साहेब. जबाब घ्यायचा आहे." मग तानाबाईकडे वळून म्हणाले, "तू घरी जा, मावशी." एवढंच. माफी मागायची त्यांच्या खात्यात पद्धत नसावी.

सर उठले. दारात बजाबाई उभी होती. तिला ओलांडल्याशिवाय बाहेर जाता येत नव्हतं. त्यांनी हात जोडले. डोळ्यांत पाणी होतं, आणि ते खरं होतं, हे मला लिहिणं भाग आहे.

"बाई," ते म्हणाले, "माझा हेतू वाईट नव्हता."

बजाबाई त्यांच्या जोडलेल्या हातांकडे बघत राहिली.

"हेतू तुमच्याजवळ ऱ्हावू द्या," ती म्हणाली. "माज्या लेकीच्या वाटनीला हरबरा आला."

ती बाजूला झाली. ते गेले. समितीचे सभासदही एकेक करून, चपला शोधत गेले.

बजाबाईने केराबाईचा हात धरला.

"पोर कुटं बसून दूद पेली ती जागा मला दाव," ती म्हणाली.

केराबाई तिला जेवणघरात घेऊन गेली. मी मागे गेले. मुली ताटं मांडून बसल्या होत्या, आम्हाला बघून उठू लागल्या. बजाबाईने त्यांना हाताने खाली बसवलं. सारजाच्या शेजारची जागा रिकामी होती. तिथे ती मांडी घालून बसली आणि पदराने समोरची फरशी पुसत राहिली.